कृषी प्राध्यापक असलेल्या वडिलांचे स्मरण कसे लिहावे?

प्रश्न: माझे वडील मृदाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, गेल्या महिन्यात ते गेले. स्मरणलेख लिहायला बसले की पदे आणि शोधनिबंध यांचीच यादी होते, आणि आम्हा भावंडांच्या वह्या पाहिल्याशिवाय कधीही न झोपणारा माणूस त्यात सापडत नाही. काय करावे?

उत्तर १: आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. यादी बाजूला ठेवून एखादा प्रसंग घ्यावा. आमचे सर शेंगवर्गीय पिकाचे रोप मुळांसकट अलगद काढून मुळावरची गाठ नखाने फोडून दाखवत. ती आतून गुलाबी असेल, तर रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करत, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणत आहेत, आणि हिरवट किंवा तपकिरी असेल, तर ते काम थांबले आहे, हे आम्ही तिथेच शिकलो. (हा गुलाबी रंग गाठीतील लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो.) त्यांच्या पदव्या मला आज आठवत नाहीत, पण मातीने माखलेले ते नख आठवते.

उत्तर २: आईंशीही बोला. घरातला माणूस त्यांनाच अधिक ठाऊक असेल.

प्रश्नकर्ती: आपणा दोघांचेही मनापासून आभार. आईने आठवण करून दिली, की बाबा १०० बिया ओल्या कापडात गुंडाळून ठेवत आणि उगवलेले कोंब मोजायचे काम आम्हा मुलांकडे देत. ८५ उगवले, म्हणजे उगवणशक्ती ८५ टक्के. माझी मोजणी चुकली, तर ते न रागावता पुन्हा पहिल्यापासून माझ्यासोबत मोजत. लेखाची सुरुवात तिथूनच करते.