कमानीवर ‘संशोधन विद्यापीठ’ लिहिलं की झालं?

रंकाळाकाठ : भाचीच्या अ‍ॅडमिशनसाठी जिल्ह्यातल्या एका खासगी विद्यापीठात गेलो होतो. तिथले सर म्हणाले, “आम्हाला इथं जॉन्स हॉपकिन्स करायचंय.” म्हणजे अमेरिकेतलं ते नावाजलेलं संशोधन विद्यापीठ. लॅबमध्ये नेलं. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर उद्घाटनाचा झेंडूचा हार, वाळून कोळसा झालेला. चावी? “मॅडम रजेवर आहेत.”

खरं हॉपकिन्स बघा. बाल्टिमोरच्या एका व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात ७० लाख डॉलर ठेवले, निम्मे विद्यापीठाला, निम्मे दवाखान्याला. १८७६ ला विद्यापीठ सुरू झालं, तेही शहरातल्या साध्या इमारतींत. पहिले अध्यक्ष गिलमन यांनी जर्मन पद्धत उचलली : प्राध्यापकानं स्वतः शोधायचं, पोरांनाही शोधायला लावायचं. आपल्याकडं आधी कमान. फीवर चालणाऱ्या संस्थेनं ‘संशोधन’ हा शब्द बोर्डावर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत.

बिंदूचौकी : दादा, अर्धंच सांगितलंत. हॉपकिन्स खासगी असलं तरी चालतं सरकारी पैशावर. संशोधनाच्या खर्चात १९७९ पासून अमेरिकेत पहिलं, वर्षाला ३ अब्ज डॉलरच्या वर, आणि त्यातला बहुतेक वॉशिंग्टनचा. २०२२ ला लघुग्रहावर आदळवलेलं नासाचं डार्ट यान त्यांच्याच लॅबनं बांधलं. आपला देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर घालतो. इथल्या संस्थाचालकानं कुठनं आणायचं?

रंकाळाकाठ : कमान बांधायला आणलं तिथनंच! आणि सरकारच्या भरवशाचं म्हणाल तर २०२५ ला यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या परदेश-मदत संस्थेचे ८० कोटी डॉलर गेले, दोन हजारांवर माणसं घरी बसली.

तांबडापांढरा : म्हणून तर देणगी लागते. अब्जाधीश उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग तिथलाच माजी विद्यार्थी, २०१८ ला १.८ अब्ज डॉलर दिले, गरजू पोरांच्या फीसाठी. त्याआधीचा किस्सा तर लई भारी. विद्यापीठाचा पैसा रेल्वेच्या शेअरांत होता, ते बसले आणि मेडिकल स्कूल अडलं. बायकांनी पाच लाख डॉलर उभे केले, अट घातली : मुलींना मुलांच्याच निकषावर प्रवेश. १८९३ ला स्कूल उघडलं ते ती अट पाळून. आणि शाहू महाराजांच्या बोर्डिंगांच्या या गावात आज ‘देणगी’ म्हटलं की बापाला अ‍ॅडमिशनच्या टेबलाखालची आठवते.

बिंदूचौकी : हे मात्र खरं हाय.

गुऱ्हाळवाला : मी खासगी कॉलेजात एमएस्सी केली. गुळाचे नमुने तपासायला डबा घेऊन सरकारी विद्यापीठात जायचो. ऑपरेटरनं बोटानं दाबून बघितलं, म्हणाला, “ओला हाय, मशीनमध्ये घालता यायचा नाही. वाळवून आण.” आमच्या कॉलेजातही मशीन होतं. तो माणूस नव्हता. त्याचा पगार फीतनं निघतो का, एवढं सांगा कुणीतरी.

रंकाळाकाठ : निघायला पाहिजे. पहिला हप्ता आजच भरलाय. भाचीला सांगितलंय, गेल्या गेल्या हार काढून टाक.