अनुभव धागा: जुन्या बाजारातल्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि आपली हौस

मंडळी, दिवाळीच्या नावाखाली माळा आवरायला काढला आणि बायकोने माझ्या रेकॉर्डी मोजल्या. 214 निघाल्या. यातल्या ऐकतोस किती, असं विचारलं तिने, मी पंखा पुसत राहिलो. तर म्हटलं आपल्यासारखे अजून किती आहेत बघू. जुन्या बाजारात, भंगारात, फुटपाथवर, परदेशातल्या थ्रिफ्ट स्टोअरात जे काय सापडलं, निसटलं, फसलात ते लिहा. शोरूममधून तीन-तीन हजाराला आणलेल्या नव्याकोऱ्या एलपी (लाँग प्ले, मोठ्या तबकड्या) कृपया इथे नकोत, त्यात कसली आली शिकार.

सुरुवात मीच करतो. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. नळाच्या तोट्या, लष्करी बूट, झाकण नसलेली मिक्सरची भांडी आणि मधेच गोणपाटावर उन्हात पडलेला रेकॉर्डींचा गठ्ठा. तिथे मला गीतरामायणाच्या एलपी दिसल्या, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातला 1965 चा एचएमव्हीचा दहा एलपींचा संच, त्यातल्या चारच. उरलेल्या कुठायत विचारलं तर म्हणे आल्या तेवढ्या आणल्या. पुढची सहा वर्षं मी एकेक गोळा करतोय, नऊ झाल्या. सातवी नाही. आणि तिसरीला असा चरा आहे की सुई एकाच ओळीवर नाचत बसते, कपाटावर टिचकी मारली की पुढे सरकते.

घासाघिशीचं एक सांगतो. विक्रेत्याला तुमच्या तोंडावर आनंद दिसला की शंभर वाढलेच समजा. म्हणून मी आधी मिक्सरचं भांडं उचलतो, त्याचा भाव करतो, आणि जाता जाता सहज 'या तबकड्या कशा दिल्या' विचारतो. या नादात घरी तीन भांडी आलीत. एकही आमच्या मिक्सरला बसत नाही.

*

मी मुंबईची, चोर बाजारवाली. मटण स्ट्रीटवरची दुकानं आहेत ती वेगळी, तिथे भाव त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो. खरी मजा शुक्रवारी पहाटे रस्त्यावर, मोबाईलचा टॉर्च मारत. पहिला नियम म्हणजे कव्हर बघून भुलायचं नाही, रेकॉर्ड बाहेर काढायची. मी किशोरीताईंचं कव्हर बघून नाचत घरी आले तर आत मुलांच्या इंग्रजी कवितांची रेकॉर्ड. दुसरा नियम, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरायची, पापडासारखी वाकलेली असेल तर लगेच कळतं.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे यंग इंडिया लेबलची एक 78, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुन्या काळची तबकडी. ही आपली देशी कंपनी होती, वडाळ्याला कारखाना होता, 1935 ते 55 च्या दरम्यान चालली. बड्या कंपन्या ज्यांना उभं करत नव्हत्या अशा हौशी लोकांनाही गाऊ द्यायची. माझ्या रेकॉर्डवरच्या बाई कोण, आजतागायत पत्ता लागलेला नाही, पण काय तान घेते! घेते म्हणजे घ्यायची. कारण मग मी शहाणपणा केला. खूप काजळी होती म्हणून कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसलं. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय.

*

स्पिरिट!! अहो ताई, 78 च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमधे विरघळते, पॉलिशवाले तेच तर करतात. तुम्ही मळ नाही, गाणं पुसलंत. एलपी प्लास्टिकची, तिला एवढं होत नाही. 78 ला साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मधल्या कागदी लेबलवर स्टीलचं झाकण दाबून धरायचं म्हणजे ते भिजत नाही, आणि लगेच पुसून सावलीत वाळवायची. पाण्यातही ठेवून द्यायची नाही हं.

आणि ज्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर आहे त्यांनी पिनेचा खटका नीट फिरवा, एका बाजूला 78 ची पिन, दुसऱ्या बाजूला एलपीची. 78 ची खाच रुंद असते. माझ्या काकांनी जाड पिनेवर आख्खी दुपार एलपी लावल्या होत्या, त्या आता तळण तळल्यासारख्या वाजतात.

*

मी साताऱ्याची, दुःख हलकं करून घेते. कोल्हापूरला एका भंगारवाल्याकडे किलोवर तोलून घेतल्या होत्या, हो किलोवर, रद्दीच्या काट्यावर, नाट्यसंगीताच्या सोळा 78. बालगंधर्वांच्या चार, हिराबाईंच्या तीन, एक मास्टर कृष्णरावांची. साडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले. कराडला एक आजोबा चढले, उभे होते बिचारे, म्हणून मी उठले आणि गाठोडं सीटवर ठेवलं. त्यांना वाटलं उशी आहे.

सोळातल्या पाच वाचल्या. आजोबा इतके खजील झाले की त्यांनी मला चहा पाजला आणि त्यातली दोन पदं तिथेच गुणगुणून दाखवली, बरी म्हणत होते.

*

न्यू जर्सीहून. इथे गुडविल नावाचं दान केलेल्या वस्तूंचं दुकान असतं, रेकॉर्डींचा खोका बहुतेक मागच्या भिंतीला जमिनीवर, त्यामुळे ही हौस म्हणजे गुडघ्यांचा व्यायाम. ख्रिसमसच्या गाण्यांचे ढीग, ऑर्गनवर वाजवलेलं काहीबाही, आणि दर चार खेपांत एकदा रविशंकर. साठच्या दशकात इथल्या पोरांनी सतार डोक्यावर घेतली होती, तीच पोरं आता म्हातारी होऊन घर आवरतायत, म्हणून येतात एवढ्या.

पण मला एकदा दोन डॉलरला अली अकबर खाँसाहेबांची 1955 ची, एंजल लेबलची एलपी मिळाली. हिंदुस्थानी संगीताची ही पहिली एलपी. तबल्याला चतुरलाल. सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन स्वतः बोलतो, राग म्हणजे काय ते अमेरिकन माणसाला समजावून सांगतो, मग सरोद. कव्हरवर आधीच्या मालकाने पेनाने लिहिलंय, 'साइड टू, विथ टी'. त्या बाजूला राग पिलू आहे. मीही ती बाजू चहासोबतच लावतो, उगाच कशाला मोडा.

*

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन बघा कधीतरी, सॉसेजच्या माळा आणि मडक्यांच्या पलीकडे. मला लॉर्ना आणि ख्रिस पेरीच्या कोंकणी गाण्यांची एक छोटी 45 वाली ईपी मिळाली, कव्हर नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घरी लावली तर शेजारच्या आंटीने कंपाउंडवरूनच सगळं गाणं म्हटलं, एक शब्द चुकला नाही. बाकी गोव्याची हवा या वस्तूंची वैरी, पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते ती येतेच.

*

तुम्ही सगळे रेकॉर्डवाले मोठे लोक, आपण नागपूरचे कॅसेटवाले. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, रविवारी फुटपाथवर दहा रुपयाला एक कॅसेट. नेहमी स्क्रूवाली घ्यायची, चिकटवलेली नाही, म्हणजे टेप गुंतली तर उघडता येते. आतला बोटाच्या नखाएवढा स्पंजचा तुकडा पडलेला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, तो मेलेल्या कॅसेटचा काढून लावायचा, झालं काम. एकदा भीमसेनजींची अभंगवाणी म्हणून घेतली, बाजू ए मस्त, बाजू बी वर कोणीतरी अकाउंट्सची ट्यूशन रेकॉर्ड केलेली. चाळीस मिनिटं घसारा. मधेच कुकरच्या शिट्ट्या. सर शिकवतात चांगलं पण, घसारा मला तेव्हा समजला.

*

धागाकर्ते, तुमची गीतरामायणाची कितवी कमी आहे म्हणालात? माझ्याकडे एक सुटी पडलीय, दादरला एका जिन्याखालच्या रद्दीवाल्याने दुसऱ्या गठ्ठ्यावर फुकट दिलेली. घरी जाऊन नंबर बघून सांगते.

*

सातवी! सातवी कमी आहे. मी दादरला येऊन घेऊन जातो, कुरिअर नको, वर एसटीचं वाचलंत ना.

*

एलपी आहे हो, फुटत नाही. बघितलं आत्ता. तिसरी आहे. सॉरी.

*

सॉरी काय, चरा आहे का तिला? शनिवारी येऊ?