पी. टी. उषा यांनी खुर्ची घ्यायला नको होती?

तापीकाठचा (जळगाव):
स्पष्टच लिहितो. उषाताईंनी २००२ मध्ये केरळात धावपटूंसाठी शाळा काढली, तिथून टिंटू लुका घडली. तेच त्यांचं खरं काम. २०२२ च्या जुलैत राज्यसभा, डिसेंबरात भारतीय ऑलिंपिक संघटनेचं अध्यक्षपद. मग बातम्या आल्या त्या कार्यकारिणीतल्या भांडणांच्या. १९८६ च्या सेऊल आशियाडमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेल्या बाईनं बैठकांत जीव घालवावा? चॅम्पियननं निवृत्तीनंतर शिट्टी घेऊन मैदानातच उभं राहावं.

शिट्टीमास्तर (चोपडा):
कुठल्या मैदानात, भाऊ? आमच्या मैदानावर सभा झाली, मंडपवाल्यानं खुंटांचे खड्डे तसेच सोडले. ३०० च्या वळणावर नेमका एक आहे. चुन्याची फक्की मारताना लेन त्याच्या बाहेरून वळवतो, म्हणजे पोरी ४०० च्या नावाखाली चार मीटर जास्त पळतात. मुरमावर स्पाइक्स, म्हणजे बुटांचे खिळे, बोथट होतात ते वेगळंच. शिट्टी वाजवायला मी आहे की! मंजुरीची सही करणारा माणूस स्वतः धावलेला हवा. १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागानं कांस्य हुकलं, त्या बाईला ते चार मीटर समजावून सांगावे लागणार नाहीत.

तापीकाठचा:
सर, तालुक्याचा ट्रॅक राज्याचं क्रीडा खातं देतं. ऑलिंपिक संघटनेचा काय संबंध?

शिट्टीमास्तर:
मग खात्यात बसवा. ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, सरकारनं तिला उपजिल्हाधिकारी केलं. महसुलात! सात-बारा बघायला माणसं कमी होती का?

केळीबागवाला (रावेर):
आमनी पोर पयस, पन पयाले जागा कोठे शे भो? खुर्चीचं नंतर बघू.

भुसावळ जंक्शन:
पोटाचं कुणीच बोलत नाही. उषाताईंना रेल्वेची नोकरी होती. लग्न झालं, मूल झालं, तरी १९९८ ला चौतिसाव्या वर्षी फुकुओकाच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत २०० आणि ४०० मीटरला कांस्य आणलं. पगार चालू असला की माणूस परत मैदानात उतरतो. बोल्टचे २०२३ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत सव्वा कोटी डॉलर बुडाले, तरी तो निभावला. आपल्या पोरांचा गुडघा पंचविशीत गेला तर शेतमजुरीच.

धुळेकरीण:
नोकरी लागली की हीच पोरं स्पाइक्स माळ्यावर टाकतात. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणापुरतं पळायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, संपलं. त्यातही बोगस प्रमाणपत्रं निघालीच. उषाताईंचं नाव यांच्यासाठी कशाला घेता?

भुसावळ जंक्शन:
टाकू द्या की ताई. बोगसवाल्यांना आत टाका, त्याला माझी ना नाही. पण जिची आई कापूस वेचायला जाते, ती पोर नोकरीसाठी पळाली तर बिघडलं कुठं? पदकाचा हट्ट आपला, घर तिला चालवायचं असतं.

धुळेकरीण:
घर चालवू दे. पण शनिवारी तासभर गावातल्या पोरींना पळवायला काय जातं तिचं?