मदत हवी आहे: गाडी दिवे घाटात बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप चालू होते

सासवडकडे
नमस्कार. जुनी मारुती ८०० आहे. हडपसरहून वडकीपर्यंत झकास येते. घाट लागला की निम्म्यात झटके मारते आणि बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. बोनेट उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही न करता चालू! मेकॅनिकने प्लग, वायरी, डेल्कोची (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, रोटर, एअर फिल्टर सगळं बदललं. आता म्हणतो इंजिन उतरवू. मला रोज कामावर जायचंय आणि मागून एसटी हॉर्न मारत असते. 'नवीन घ्या' सोडून काहीही सांगा.

नटबोल्ट
कितवं मॉडेल? कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)? बंद पडते तेव्हा टेंपरेचरचा काटा कुठे असतो? तेव्हा प्लगला करंट येतो का?

सासवडकडे
९९ चं, कार्ब्युरेटर. काटा मध्याच्या खालीच असतो, तापत नाही. रेडिएटर दिवाळीत साफ करून घेतलाय, त्यामुळे तिकडे जाऊच नका. करंट भर घाटात कुठे बघत बसू?

तिरपा_टप्पा
डोळे झाकून इग्निशन कॉइल, प्लगला करंट देणारी. तापली की आतलं वायंडिंग तुटतं, गार झाली की जुळतं. माझ्या गाडीला डिट्टो हेच होतं. पुढच्या वेळी कॉइलवर ओला फडका टाका, लगेच चालू झाली तर बदला.

पेट्रोलपुराण
कॉइल वगैरे काही नाही. इथेनॉल! २० टक्के मिसळलेलं पेट्रोल या गाड्यांच्या रबरी पाइपांना आणि डायफ्रॅमना मानवत नाही. त्यात हा उकाडा, लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होते.

तिरपा_टप्पा
मग हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये का नाही बंद पडत? तिथे इथेनॉल सुट्टीवर असतं का?

पेट्रोलपुराण
चढावर इंजिन जास्त तापतं म्हणून. जरा वाचत चला.

हिशेबी
१५ वर्षं कधीच उलटली की. पुनर्नोंदणी केली का? ती पाचच वर्षांची मिळते. हरित कर भरला का? नाहीतर स्क्रॅपमध्ये द्या, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

सासवडकडे
सगळं भरलंय हो, आणि विचारलंय काय! पेट्रोलवाल्यांनो, गाडी गॅसवर आहे. पेट्रोल भरतंय कोण?

नटबोल्ट
अहो, सीएनजी आहे हे आत्ता सांगताय? सगळ्यांचा अख्खा दिवस कार्ब्युरेटरमध्ये गेला. बंद पडल्यावर स्विच पेट्रोलवर टाकून बघितला का? आणि त्रास दिवाळीनंतरच सुरू झाला का?

सासवडकडे
पेट्रोलचा काटा मेलाय, टाकीत आहे की नाही देव जाणे. हो, साधारण दिवाळीनंतरच. का?

नटबोल्ट
मग इंजिन उतरवायचं काम नाही. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारपर्यंत दाबलेला असतो, रेड्युसर तो दाब उतरवतो. दाब उतरताना गॅस प्रचंड गार होतो, म्हणून रेड्युसरमधून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. ते फिरलं नाही तर रेड्युसर गोठतो. सपाटीवर गॅस कमी लागतो, निभावतं. घाटात जास्त लागला की बर्फ धरतो आणि गॅस बंद. थांबलात की बोनेटखालच्या उष्णतेने वितळतो. रेडिएटर साफ करताना पाणी काढलं असणार, भरताना हवा अडकली. रेड्युसर बऱ्याचदा वर बसवलेला असतो, पहिली हवा तिथेच अडकते. आता बंद पडली की रेड्युसरला हात लावून बघा.

हायवेवरचा
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलाय का तेही विचारा. आपल्याकडे 'गाडी तापते' म्हटलं की पहिला तोच काढतात. मग पाणी नीट तापतच नाही.

तिरपा_टप्पा
सगळं ठीक, पण कॉइल तपासायला काय जातंय? स्पेअर प्लग वायरीला लावून बॉडीला टेकवा आणि सेल्फ मारा.

नटबोल्ट
गॅसचा वास येत नाही ना, हे बघून. उगाच ठिणग्या पाडायला सांगू नका.

सासवडकडे
आज पुन्हा तिथेच पडली. रेड्युसरवर पांढरं हिव साठलंय, फ्रीजरमध्ये असतं तसं. बाहेर एप्रिलचं ऊन! त्याला येणारे पाण्याचे दोन्ही पाइप गार. कुलंटची बाटली मात्र भरलेली आहे.

नटबोल्ट
बाटलीवर जाऊ नका. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना अजिबात नाही. पाणी दिसेल असं वाटत नाही. कुलंट भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. रेड्युसरचे पाइप हाताने दाबत राहा, दोन्ही गरम व्हायला हवेत. झाकणाचं रबरही बघा, ते गेलं असेल तर बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही.

हिशेबी
गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) केली आहे ना? दर तीन वर्षांनी लागते. गॅस भरताना त्या टेस्टची प्लेट बघतात.

सासवडकडे
लिटरच्या वर कुलंट गेलं. झाकणाचं रबर चिरलेलं निघालं, नवीन बसवलं. थर्मोस्टॅट खरंच नाहीये, तो रविवारी. आज घाट एका दमात चढली, दोन्ही पाइप चटका बसण्याइतके गरम.

नटबोल्ट
छान. आठवडाभर रोज सकाळी पातळी बघा. बाहेर गळती नसताना कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय. आणि टाकीत थोडं पेट्रोल ठेवून रोज सकाळी थोडा वेळ पेट्रोलवर चालवा, नाहीतर कार्ब्युरेटर सुकून जाम होईल.

पेट्रोलपुराण
टाका, टाका. मग इथेनॉलचा धागा काढालच.

नवाभिडू
माझी डिझेल गाडी सकाळी पांढरा धूर काढते. इथेच विचारू का?