विश्वचषकात गोल नाही, म्हणून बनी शॉ महान नाही?

डावा_पाय

गेल्या आठवड्यात मित्रांच्या गटात महिला फुटबॉलमधल्या आजच्या सर्वोत्तम स्ट्रायकर कोण यावर वाद रंगला. मी जमैकाच्या खदीजा शॉचं नाव घेतलं. तिला सगळे 'बनी' म्हणतात, लहानपणी गाजरं फार आवडायची म्हणून. लगेच उत्तर आलं: "विश्वचषकातला तिचा एक गोल दाखव." नाही दाखवता येत. 2019 आणि 2023 अशा दोन स्पर्धा ती खेळली आणि दोन्हींत तिची पाटी कोरी राहिली. तरीही ती आजच्या पहिल्या तिघींत बसते, असं माझं ठाम मत आहे. ते इथे मांडतो, खोडून काढायचं असेल तर जरूर काढा.

जन्म 1997 चा, किंग्स्टनजवळच्या स्पॅनिश टाउनमधला. तेरा भावंडांत सगळ्यात धाकटी. टोळीयुद्धाच्या हिंसाचारात तिचे एकाहून जास्त भाऊ गेले. त्यातले काही तर ती अमेरिकेत कॉलेजात शिकत असतानाच. टेक्सास, फ्लोरिडा, मग टेनेसी विद्यापीठ असा तिचा प्रवास झाला. 2019 मध्ये ती फ्रान्सच्या बोर्दोकडे गेली आणि 2020-21 च्या मोसमात 22 गोल करून फ्रेंच लीगची सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली. मग इंग्लंडचा मँचेस्टर सिटी. तिथे 2023-24 मध्ये लीगमध्ये 21 गोल, सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट, सहखेळाडूंच्या मतांवर मिळणारा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आणि फुटबॉल पत्रकारांचाही. पुढच्या वर्षी पुन्हा गोल्डन बूट, अलेसिया रुसोबरोबर विभागून.

देशासाठीही तिने कमी केलेलं नाही. जमैकाच्या पुरुष संघात ल्युटन शेल्टनच्या 35 गोलांचा विक्रम होता. तो तिने केव्हाच मागे टाकला. आज जमैकासाठी सर्वाधिक गोल कुणाचे, या प्रश्नाचं उत्तर पुरुष आणि महिला दोन्ही धरून तिचंच नाव आहे.

आपण कॅरिबियन म्हटलं की वेस्ट इंडीज म्हणतो. क्रिकेटमध्ये ती सगळी बेटं मिळून एक संघ करतात. फुटबॉलमध्ये प्रत्येक बेट एकटं उतरतं. जमैकाची लोकसंख्या साधारण 28 लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या पुणे शहरापेक्षा कमी. तिथून आलेल्या स्ट्रायकरला अमेरिकेच्या किंवा जर्मनीच्या स्ट्रायकरच्या फूटपट्टीने मोजायचं का?

सेंटरबॅक

मोजायचंच. मैदान सगळ्यांना सारखंच असतं.

तिच्या आयुष्याबद्दल मला आदर आहे, पण चर्चा खेळाची आहे. 2019 मध्ये ग्रेनोबलला ऑस्ट्रेलियाने जमैकाला 4-1 हरवलं. चारही गोल एकट्या सॅम करचे. मोठी स्ट्रायकर मोठ्या मंचावर काय करते ते त्या दिवशी दिसलं. जमैकाचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल त्याच सामन्यात आला, पण तो हवाना सोलॉनचा.

आता 2023 बघा. फ्रान्सविरुद्ध 0-0 चालू असताना कर्णधार असलेल्या शॉने भरपाईच्या वेळेत दुसरं पिवळं कार्ड घेतलं. पुढचा सामना पनामाशी होता, म्हणजे गटातला सगळ्यात सोपा, गोल करायची खरी संधी तिथेच. बंदीमुळे त्याला ती मुकली. आणि जमैकाचा विश्वचषकातला पहिला विजय नेमका त्याच सामन्यात आला, 1-0, ॲलिसन स्वॉबीच्या हेडरवर. म्हणजे तिच्याशिवाय.

सिटीत तिला एका बाजूने लॉरेन हेम्प आणि दुसऱ्या बाजूने क्लोई केली चेंडू पुरवत होत्या. तिथले गोल खरे आहेत, पण त्यात त्या दोघींचाही वाटा धरा.

डावा_पाय

@सेंटरबॅक, शेवटच्या वाक्यात तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. चेंडू पुरवणाऱ्या असल्या की ती गोल करते. 2019 च्या जमैकाकडे काय होतं? 2008 नंतर संघाचा कार्यक्रमच पैशाअभावी गुंडाळला गेला होता. 2014 मध्ये सेडेला मार्लीच्या मुलाने शाळेतून एक पत्रक घरी आणलं. महिला संघासाठी निधी गोळा करण्याचं आवाहन होतं त्यात. बॉब मार्लीची ही मुलगी मग संघामागे उभी राहिली, तेव्हा कुठे गाडी पुन्हा सुरू झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि तिथवर संघ पोचला कसा? 17 ऑक्टोबर 2018, टेक्सासमधलं फ्रिस्को, तिसऱ्या स्थानासाठी पनामाविरुद्धची लढत. 2-2 बरोबरी, मग पेनल्टीवर 4-2. कॅरिबियनमधला एखादा देश महिला विश्वचषकाला पात्र ठरण्याची ती पहिलीच वेळ. जमैकाचा त्या सामन्यातला पहिला गोल शॉचा होता. संपूर्ण पात्रता फेरीत तिचे 19 गोल. ते मोजायचेच नाहीत का?

मँचेस्टरवासी

मी इथे सिटीच्या महिला संघाचे सामने बघायला जातो. जोई स्टेडियम लहान आहे, जेमतेम सात हजारांचं, त्यामुळे खेळाडू अगदी जवळून दिसतात. टीव्हीवर शॉ म्हणजे उंच, ताकदवान, हेडर मारणारी एवढंच कळतं. मैदानावर दिसतं ते वेगळं. गोलकडे पाठ करून ती चेंडू पायाशी धरते, पाठीवर समोरच्या संघाची सेंटरबॅक, म्हणजे मधली बचावपटू, चढलेली असते, आणि ही मान वळवून विंगर कुठवर आली ते बघत थांबते. त्या दोन क्षणांत संपूर्ण संघ वीस पावलं पुढे सरकतो. हे आकड्यांत कुठेच येत नाही.

तिची किंमत 2024 च्या एप्रिलअखेर सगळ्यांना कळली. ब्रिस्टल सिटीविरुद्ध पायाला दुखापत झाली आणि तिचा मोसम संपला. त्यानंतरच्याच सामन्यात आर्सेनलने आमच्या घरच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत दोन गोल मारून आम्हाला 2-1 हरवलं. मोसमाच्या शेवटी सिटी आणि चेल्सी दोघांचेही 55 गुण, आणि विजेतेपद गोलफरकावर चेल्सीकडे गेलं. सेंटरबॅक, तुम्ही तिच्याशिवाय जिंकलेला एक सामना सांगितलात. तिच्याशिवाय गेलेली ही अख्खी लीग आहे.

सेंटरबॅक

लीगचं मान्य. सिटीच्या इतिहासातली सर्वोत्तम स्ट्रायकर म्हणा, मी सही करतो. पण धाग्याचा प्रश्न महानतेचा आहे.

कोकणकडा

मला वेगळंच बोलायचं आहे. तिच्या कारकिर्दीचा हिशेब करताना ऑक्टोबर 2023 विसरू नका. विश्वचषक संपून दोन महिने झाले होते. जमैकाच्या वरिष्ठ खेळाडूंनी पूर्ण पैसे मिळाले नाहीत म्हणून गोल्ड कपच्या, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेच्या, पात्रता सामन्यांवर बहिष्कार घातला. दुय्यम संघ उतरला आणि 2024 चा गोल्ड कप जमैकाला खेळताच आला नाही. सिटीचा पगार असलेल्या खेळाडूला हे परवडतं. पण जमैकातच खेळणाऱ्या, परदेशी क्लबने आपल्याला बघावं म्हणून अशा स्पर्धेची वाट पाहणाऱ्या पोरींचं काय? एक अख्खी स्पर्धा त्यांच्या हातून गेली. देशाची जर्सी वादाच्या वर असावी असं मला मनापासून वाटतं.

रानजाई

@कोकणकडा, तुमची कळकळ समजते, पण हे मला अजिबात पटत नाही.

क्रम बघा. जून 2023 मध्ये, म्हणजे विश्वचषकाच्या आधीच, शॉसकट खेळाडूंनी महासंघाला जाहीर पत्र लिहिलं. सराव, प्रवास, राहणं, खाणं, मानधन, सगळ्याबद्दल. त्याच सुमारास संघाच्या खर्चासाठी एका खेळाडूच्या आईने लोकवर्गणी सुरू केली होती. विश्वचषकाला निघालेल्या संघासाठी वर्गणी! तरीही त्या गेल्या आणि खेळल्या. फ्रान्स आणि ब्राझील दोघांना 0-0 वर रोखलं, ब्राझील घरी गेलं, आणि त्यांच्या दिग्गज मार्ताने तर हा आपला शेवटचा विश्वचषक असं आधीच सांगितलं होतं. शेवटच्या सोळांत पोचलेल्या संघातल्या प्रत्येक खेळाडूसाठी फिफाने 60,000 डॉलर जाहीर केले होते. फक्त पैसे महासंघामार्फत जायचे होते. एवढं सगळं करून ऑक्टोबरमध्येही हिशेब पूर्ण होत नसेल, तर खेळाडूंच्या हातात खेळायला नकार देण्याखेरीज उरतं काय?

आणि ज्या पोरींची तुम्हाला काळजी आहे, त्या एकट्या बोलल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी संघाबाहेर गेल्या असत्या. जिला संघातून काढणं महासंघाला परवडत नाही, तिनेच बोलायचं असतं. नॉर्वेची आडा हेगरबर्ग 2017 पासून पाच वर्षं राष्ट्रीय संघापासून दूर राहिली, 2019 चा विश्वचषकही तिने सोडला. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ओर महिलांमध्ये पहिल्यांदा तिलाच मिळाला आहे. तिच्या महानतेवर कुणी धागा काढत नाही.

कोकणकडा

हेगरबर्गशिवाय नॉर्वे विश्वचषक खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मोठ्या देशाला ते झेपतं. शॉसारख्या नसल्या तर जमैका पात्रता फेरीतच अडखळतो. तिच्या नकाराचं ओझं जास्त आहे, एवढंच म्हणायचं आहे. पैसे थकवणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही.

शिट्टी

एक प्रश्न. तिला घडवलं कुणी? अमेरिकन कॉलेजांच्या शिष्यवृत्त्यांनी. जमैकाने तिला जर्सी दिली, बाकी काय दिलं? 2023 च्या संघात गोलरक्षक बेकी स्पेन्सर लंडनची, स्वॉबी बहिणी अमेरिकेत वाढलेल्या. बेटावर महिलांची मजबूत लीग उभी राहत नाही तोवर शॉ हा अपवादच राहणार. आपल्याकडे 2022 मध्ये महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, मैदानं चकाचक होती, आणि कोविडमुळे भारताचाच संघ बाहेर पडला. त्यानंतर त्या मैदानांवर मुलींसाठी काय सुरू झालं, हेही कुणीतरी विचारायला हवं.

डावा_पाय

@शिट्टी, अपवाद आहेच, आणि म्हणूनच तिचं वजन जास्त. स्पॅनिश टाउनमध्ये वाढून तिथवर पोचलेली ती एक आहे.

@सेंटरबॅक, जॉर्ज वेआने 1995 मध्ये बॅलन डी'ओर जिंकला. लायबेरियाकडून तो एकही विश्वचषक खेळला नाही. त्याला महान म्हणाल की नाही?

सेंटरबॅक

म्हणेन. पण वेआला विश्वचषकात संधीच मिळाली नाही, शॉला सहा सामने मिळाले. हा फरक मला मोठा वाटतो. कोलंबियाविरुद्ध शेवटच्या सोळांत जमैका 1-0 मागे होता, जवळपास अर्धा सामना हातात होता. असा एकच गोल हवा होता. तो आला असता तर मी इथे वाद घातला नसता.

मँचेस्टरवासी

तुमच्यासारखाच मीही बचावात खेळायचो, म्हणून एकच विनंती. 2023 मधला ब्राझीलविरुद्धचा सामना पुन्हा बघा, पण चेंडू बघू नका. ब्राझीलला जिंकणं भाग होतं, तरी त्यांच्या सेंटरबॅक सतत मागे वळून शॉ कुठे आहे ते शोधत होत्या. जमैकाने गटात एकही गोल खाल्ला नाही याचं श्रेय स्पेन्सर आणि स्वॉबीला आहेच, पण समोरच्या दोघी बचावपटूंना नव्वद मिनिटं पुढे सरकू न देणारी खेळाडूही त्या हिशेबात धरा.