प्रतिसाद: शटर स्पीड वाढवून प्रश्न सुटत नाही

वर कोणीतरी लिहिलंय की बाइक रेसचे फोटो काढताना शटर स्पीड १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवायचाच नाही, नाहीतर सगळं हलतं. समोरून येणाऱ्या बाइकसाठी पटतं, पण बाजूने काढताना १/२००० ला चाकाचे स्पोक सुद्धा थिजतात आणि दोनशेच्या स्पीडची बाइक स्टँडवर लावल्यासारखी दिसते. १/१६० वगैरे ठेवून पॅन करा (म्हणजे कॅमेरा बाइकबरोबर फिरवत फोटो काढा), सुरुवातीला बरेच फोटो वाया जातील, जाऊ देत.

पण इथे कोणी बोललंच नाही ते म्हणजे उभं कुठे राहायचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे असलात तर बाइकचं अंतर आणि कोन दोन्ही सतत बदलत असतात, त्यामुळे कितीही छान पॅन केलं तरी हेल्मेट शार्प आणि शेपूट पुसलेली असं होतं (आणि लोक लेन्सला शिव्या घालतात). आतल्या बाजूला जागा मिळाली तर बाइक जवळपास तुमच्याभोवतीच फिरते, अंतर फारसं बदलत नाही, मग १/१०० ला पण अख्खी बाइक शार्प मिळू शकते. शिवाय रायडर आतल्या बाजूलाच झुकलेला असतो, गुडघा, कोपर, व्हायझर सगळं तुमच्याकडे. ट्रॅकजवळ जायचा फोटोग्राफरचा पास नसेल आणि मध्ये जाळी असेल तर लेन्स जाळीच्या जमेल तेवढी जवळ न्या आणि अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत यायचं छिद्र) उघडं ठेवा, जाळी जवळजवळ गायब होते, फक्त तिच्यावर ऊन पडत नसलेली जागा शोधा. मेन रेसपेक्षा प्रॅक्टिस सेशनला या जागा निवांत मिळतात.