कंटॅमिनेटेड म्हणजे दर वेळी ‘दूषित’च का?

मावशीच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टवर शेरा होता : ‘सॅम्पल कंटॅमिनेटेड, रिपीट’. घरातल्या कुणीतरी शब्दकोश उघडून ‘दूषित’ असं वाचून दाखवलं आणि मावशीचा धीरच सुटला. आपल्याला काहीतरी मोठं दुखणं लागलंय असं तिने मनाशी धरलं. खरं तर अर्थ एवढाच, की नमुना देताना त्यात त्वचेवरचे, बाहेरचे जंतू मिसळले, तेव्हा ही तपासणी धरता येत नाही. सुरुवातीची धार सोडायची, मधली धार निर्जंतुक डबीत धरायची आणि पुन्हा द्यायची. जंतुसंसर्ग झालेल्याला ‘इन्फेक्टेड’ म्हणतात, ते वेगळं. म्हणून इथे ‘नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळले’ असं सरळ सांगावं.

पाण्याला मात्र ‘दूषित’ चपखल बसतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली, तेव्हा ‘दूषित पाणी’ हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी होते. नदीला, हवेला ‘प्रदूषित’. दुधात युरिया घातला तर ‘भेसळीचं’, कारण तिथे नफ्यासाठी कुणीतरी मुद्दाम घातलेलं असतं. गोदामात धान्याच्या पोत्यांवर कीटकनाशक सांडलं तर ते धान्य कंटॅमिनेटेड, पण भेसळीचं नव्हे.

राहिला ‘बाटलेलं’. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ ‘स्पर्श करणे’ या धातूशी नातं सांगतं, आणि बाटणं, विटाळ हीसुद्धा स्पर्शाचीच भाषा. म्हणून हा प्रतिशब्द सुचू शकतो. मला तो अजिबात मान्य नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पुढे तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली गेली. ज्या पाण्याला माणसांचे हात लागले ते बाटलेलं ठरलं, आणि शेण कालवलेलं पाणी शुद्ध! एवढा इतिहास पाठीशी असलेला शब्द जंतूंच्या, रसायनांच्या संदर्भात वापरूच नये.

विहिरीत बेडूक मरून पडला की आजी ‘पाणी नासलं’ म्हणायची आणि विहीर उपसायला लावायची. दुधाला हा शब्द सगळीकडे ऐकतो. पाण्याला तुमच्याकडे अजून वापरतात का?